जुन्या गाडीतील कूलंटची गळती कशी शोधावी आणि कशी दुरुस्त करावी

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाटाच्या चढावर माझ्या गाडीच्या तापमानाचा काटा लाल खुणेला जाऊन भिडला. गाडी २००७ सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी आणि तोपर्यंत एकदाही वाटेत न थांबलेली. बॉनेट उघडले तेव्हा कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली कोरडी ठणठणीत होती, पण गाडीखाली मात्र एक थेंबही नव्हता. पुढच्या दोन महिन्यांत एका गॅरेजच्या सांगण्यावरून मी रेडिएटर बदलला. पातळी तरीही उतरतच राहिली. त्यानंतर वॉटर पंप बदलण्याचा सल्ला मिळाला. तो मानण्यापूर्वी सुदैवाने एका वयस्कर मिस्त्रींशी गाठ पडली आणि त्यांनी हाताने दाबायचा एक छोटा पंप रेडिएटरला लावून दहा मिनिटांत खरा दोष दाखवला. इंजिनाच्या मागच्या अंगाला, सायलेन्सरच्या गरम नळीच्या बरोबर वर, वीतभर लांबीची एक रबरी नळी होती. तिच्यातून झिरपणारे कूलंट जमिनीवर पडण्याआधीच तापलेल्या लोखंडावर वाफ होऊन जात होते. नव्या नळीचा खर्च एका साध्या थाळीएवढा आला. त्याआधी बदललेल्या रेडिएटरचा खर्च अर्थातच वाया गेला होता.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षे वापरलेली गाडी आहे, जे स्वतः मेकॅनिक नाहीत, पण सुटा भाग विकत घेण्यापूर्वी गळती नेमकी कोठे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहू इच्छितात. शोधाचे बहुतेक काम घरच्या अंगणात होऊ शकते. दुरुस्तीपैकी काही कामे घरी होतात, काही गॅरेजवर सोपवावीत. कोणते काम कोठे, हे मी त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

सर्वांत आधी एक सूचना, जी मोडली तर बाकीचा लेख व्यर्थ आहे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे किंवा कूलंटच्या बाटलीचे दाबाचे टोपण कधीही उघडू नये. आतला द्रव उकळबिंदूच्या वर असूनही केवळ दाबामुळे शांत असतो. टोपण सैल होताच तो वाफेसह तोंडावर आणि हातांवर उसळतो. फडके गुंडाळून हळूच उघडण्याची युक्ती बऱ्याच जणांकडून ऐकायला मिळते, पण तीही करू नये. इंजिन बंद करून किमान तासभर थांबावे आणि रेडिएटरची वरची नळी हाताला थंड लागली तरच टोपणाला हात लावावा.

१. कूलंटचा फेरा समजून घ्यावा

वॉटर पंप कूलंटला इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ढकलतो. तेथून ते सिलिंडर हेडमध्ये जाते, उष्णता उचलते आणि थर्मोस्टॅटपाशी, म्हणजे तापमानानुसार उघडणाऱ्या झडपेपाशी, येते. इंजिन थंड असेपर्यंत थर्मोस्टॅट बंद राहतो. बहुतेक गाड्यांत तो ८२ ते ८८ अंश सेल्सियसच्या सुमारास उघडू लागतो आणि मग कूलंट वरच्या जाड नळीतून रेडिएटरमध्ये, आणि तेथून थंड होऊन खालच्या नळीतून परत पंपाकडे जाते. याशिवाय दोन बारीक नळ्या डॅशबोर्डमागे बसवलेल्या हीटरकडे गेलेल्या असतात. साताऱ्यात हीटर लावण्याची वेळ फारशी येत नाही, त्यामुळे या दोन नळ्यांचे अस्तित्वच अनेक मालकांना ठाऊक नसते. गाडीला नंतर सीएनजी किंवा एलपीजीचे किट बसवले असेल, तर गॅसचा दाब कमी करणाऱ्या त्याच्या रिड्यूसरला गरम ठेवण्यासाठी याच नळ्यांना मधे कापून टी-जोड घातलेले असतात. म्हणजे मूळ गाडीत नसलेले चार-सहा नवे सांधे तेथे तयार होतात, आणि जुन्या किटच्या गाड्यांत गळतीसाठी मी सर्वांत आधी तेथेच पाहीन.

दाबाचे महत्त्व समजण्यासाठी महाबळेश्वरचे उदाहरण घेऊ. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळते. सुमारे १,३७० मीटर उंचीवरील महाबळेश्वरात ते ९५-९६ अंशांनाच उकळू लागते. म्हणजे गाडी पसरणीचा घाट चढत असते, इंजिनावर ताण वाढत असतो, आणि नेमका त्याच वेळी पाण्याचा उकळबिंदू खाली येत असतो. ही अडचण रेडिएटरचे टोपण सोडवते. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो बार या एककातील दाब आहे. ०.९ बारच्या दाबाखाली महाबळेश्वरातही साधे पाणी सुमारे ११५ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि त्यात ग्लायकॉल, म्हणजे कूलंटमधील मुख्य द्रव, मिसळलेले असेल तर ही मर्यादा आणखी वर जाते. यंत्रणेला बारीकसे छिद्र पडले, की द्रव तर कमी होतोच, शिवाय दाब टिकत नाही आणि उरलेला द्रवही लवकर उकळतो. साताऱ्यातल्या पोवई नाक्यापर्यंत रोज जाऊन येणारी गाडी निर्दोष वाटते आणि घाटात मात्र उकळते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

२. कागदपत्रे आणि साहित्य जमवावे

गाडीसोबत मिळालेले मॅन्युअल शोधून काढावे, कारण कूलंटचा प्रकार, त्याचे एकूण प्रमाण आणि टोपणाचा दाब त्यात दिलेला असतो. आरसीची प्रत जवळ ठेवावी; सुट्या भागांचा दुकानदार वर्ष आणि चेसिस नंबर विचारतो, आणि एकाच नावाच्या गाडीत दोन वेगवेगळ्या वर्षांच्या नळ्यांचा आकार निराळा असू शकतो. पूर्वीच्या कामांची बिले असतील तर तीही काढावीत. पंप किंवा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारा पट्टा) शेवटचा कधी बदलला, हे त्यांवरूनच कळते.

साहित्य असे लागेल:

- चांगला टॉर्च आणि हातात धरता येईल असा छोटा आरसा
- मोठा, कोरा पुठ्ठा
- पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि पान्यांचा साधा संच
- रबरी हातमोजे, जुनी फडकी, पसरट भांडे आणि नरसाळे
- बारीक पॉलिश पेपर
- डिस्टिल्ड वॉटर आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेले कूलंट
- दाब तपासण्याचा हातपंप. हा विकत घेण्याची गरज नाही, पण ज्या गॅरेजकडे तो आहे असे गॅरेज आधीच हेरून ठेवावे

गाडीखाली जाणे आवश्यक असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर जाऊ नये, आणि विटा किंवा दगड रचून तर मुळीच नाही. लोखंडी स्टँड नसतील तर ती तपासणी गॅरेजच्या पिटवर करावी.

३. खरोखरच गळती आहे का, ते ठरवावे

पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी सपाट जागेवर उभी करून बाटलीवरील किमान आणि कमाल या खुणांच्या मधे पातळी कोठे आहे ते पाहावे आणि तेथे चिकटपट्टीचा तुकडा लावावा. सात दिवस त्याच वेळी, त्याच जागी पुन्हा पाहावे. गरम इंजिनात कूलंट प्रसरण पावून बाटलीत येते, त्यामुळे संध्याकाळी घरी आल्यावर पाहिलेली पातळी आणि सकाळची पातळी यांची तुलना करून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. बाटलीवर विसंबूनही राहू नये. टोपण बिघडलेले असेल तर बाटली भरलेली आणि रेडिएटर मात्र अर्धा रिकामा, असे घडते. म्हणून थंड इंजिनावर एकदा टोपण काढून रेडिएटरमध्येही डोकावावे.

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरावा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवाव्यात, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली पडला ते कळते. उन्हाळ्यात एसी चालवून आल्यावर गाडीखाली पडणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी हे हवेतील बाष्प असते; त्याला घाबरून गॅरेज गाठणारे लोक मी पाहिले आहेत. कूलंट बोटांना किंचित बुळबुळीत लागते, त्याला गोडसर वास येतो आणि ते बहुधा हिरवे, लाल, गुलाबी किंवा निळे असते. मात्र मागच्या मालकाने वर्षानुवर्षे केवळ पाणी ओतले असेल तर रंगाची ही खूण उपयोगाची नाही. अशा गाडीत गळतीच्या जागी गंजाचा तांबूस ओघळ किंवा क्षारांचा पांढरा थर दिसतो.

चव घेऊन खात्री करू नये, हेही सांगून ठेवतो. एथिलीन ग्लायकॉल गोड असते आणि विषारीही असते. गाडीखाली साचलेले थेंब कुत्र्या-मांजरांनी चाटू नयेत यासाठी ते लगेच पुसून धुऊन टाकावेत.

४. थंड इंजिनावर पहिली फेरी

इंजिन बंद आणि थंड, किल्ली खिशात. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हात घालू नये.

टॉर्च घेऊन कूलंटच्या फेऱ्याच्या क्रमानेच पाहत जावे: वरची नळी, थर्मोस्टॅटचे आवरण, इंजिनाच्या मागच्या बारीक नळ्या, हीटरकडे जाणाऱ्या नळ्या, किटचे जोड, पंप, खालची नळी, रेडिएटर. प्रत्येक सांध्यावर वाळलेल्या द्रवाचा हिरवट, गुलाबी किंवा पांढरा पापुद्रा आहे का, ते पाहावे. आरसा मागच्या बाजूसाठी आहे. माझ्या गाडीत दोष जेथे होता ती जागा आरशाशिवाय दिसणे शक्यच नव्हते. ओल सापडली की लगेच तीच जागा दोषी ठरवू नये. कूलंट खाली ओघळते आणि पंख्याच्या वाऱ्याने मागेही उडते, त्यामुळे ओलीच्या वर चढत जावे आणि सर्वांत उंच व सर्वांत पुढची ओली जागा कोणती, ते शोधावे. गळतीचा उगम तेथे असतो. माझा रेडिएटर बदलला गेला तो त्याच्या तळाशी ओल दिसली म्हणून; ती ओल टोपण उघडताना सांडलेल्या पाण्याची होती, हे विचारायचे कोणाला सुचले नाही.

प्रत्येक नळी बोटांनी दाबून पाहावी. चांगली नळी दबते आणि पुन्हा मूळ आकाराला येते. दाबल्यावर करकर वाजणारी, स्पंजासारखी मऊ पडलेली, क्लिपजवळ फुगलेली किंवा तेलाने चिकट झालेली नळी आज गळत नसली तरी ती बदलण्याच्या यादीत घालावी. हीटरची तपासणी गाडीच्या आत होते: डाव्या बाजूच्या सीटपुढील मॅट उचलून खालचा गालिचा हाताने चाचपावा. तो चिकट ओला असेल आणि समोरची काच आतून वारंवार तेलकट धुक्याने भरत असेल, तर हीटर गळत आहे. पावसाळ्यात येथेही फसगत होते, कारण दरवाजाच्या किंवा काचेच्या रबरातून आलेले पावसाचे पाणीही याच गालिच्यात मुरते; फरक चिकटपणावरून आणि वासावरून ओळखावा.

५. दाब देऊन गळती उघडी पाडावी

डोळ्यांनी काही सापडले नाही तर नुसते अंदाज बांधण्यापेक्षा ही चाचणी करून घ्यावी. सातारा एमआयडीसीच्या किंवा महामार्गाच्या बाजूच्या बऱ्याशा गॅरेजमध्ये हे उपकरण मिळते. ते सायकलच्या पंपासारखे दिसते. त्याला दाब दाखवणारे एक घड्याळ असते आणि ते रेडिएटरच्या टोपणाच्या जागी बसते. थंड इंजिनात कूलंट पूर्ण भरून, टोपणावर छापलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा. त्याहून अधिक दाब दिल्यास जुना रेडिएटर किंवा हीटर, जो आतापर्यंत धड होता, तोही फुटू शकतो. म्हणून चाचणी चालू असताना आपण स्वतः शेजारी उभे राहावे आणि घड्याळाकडे पाहावे.

दाब देऊन पंधरा मिनिटे थांबावे. काटा स्थिर राहिला तर थंड अवस्थेत गळती नाही. काटा खाली आला आणि बाहेर कोठे तरी थेंब फुटला, तर दोष सापडला. काटा खाली आला पण बाहेर थेंबच नाही, तर कूलंट आत कोठे तरी जात आहे: हीटरमधून गालिच्यात, किंवा हेड गॅस्केटमधून, म्हणजे ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्या मधल्या पातळ पत्र्यासारख्या सीलमधून, सिलिंडरमध्ये.

इंजिन थंड असण्याचा एक मोठा फायदा माझ्या बाबतीत दिसून आला. गरम इंजिनावर थेंबाची तत्काळ वाफ होते. थंड इंजिनावर तोच थेंब ठिकाणावर राहतो आणि दिसतो. शिवाय काही नळ्यांचे सांधे थंडीत आकसल्यावरच झिरपतात आणि गाडी तापली की आपोआप बंद होतात. असे दोष हिवाळ्यातील सकाळी उघड होतात आणि दुपारी गॅरेजमध्ये नेल्यावर नाहीसे होतात. याच्या उलट, काही चिरा इंजिन तापल्यावरच उघडतात. थंड चाचणीत काटा स्थिर राहिला आणि तरीही आठवड्याला पातळी उतरत असेल, तर इंजिन गरम करून, तासभर निववून, टोपणाला हात लावण्याइतके कोमट झाल्यावर चाचणी पुन्हा करण्याचा आग्रह धरावा. त्यानेही उलगडा झाला नाही तर अतिनील प्रकाशात चमकणारा रंग कूलंटमध्ये मिसळून, दोन-तीन दिवस गाडी चालवून, मग त्या दिव्याने पाहता येते.

टोपणाचीही चाचणी याच उपकरणाला जोड लावून होते, आणि ती विसरली जाते. टोपण छापील आकड्याच्या बऱ्याच आधी दाब सोडू लागले असेल तर कूलंट बाटलीत आणि बाटलीतून बाहेर जाते, आणि सगळे जण गळती शोधत बसतात. गाडी निवल्यावर वरची नळी चपटी होऊन आत ओढली गेलेली दिसली, तर टोपणातील निर्वात झडप अडकली आहे असे समजावे. टोपण स्वस्त असते. शंका असेल तर बदलावे, पण मूळ आकड्याचेच घ्यावे; ‘जास्त दाबाचे जास्त चांगले’ हा दुकानातील सल्ला जुन्या रेडिएटरला मानवत नाही.

६. जागेनुसार दुरुस्ती

नळ्या आणि क्लिपा. हे काम घरी होते. कूलंट पसरट भांड्यात काढून घ्यावे, क्लिप सैल करावी आणि नळी पिळून सुटत नसेल तर ओढाताण न करता ती लांबीच्या दिशेने चिरून काढावी. नळी तशीही टाकूनच द्यायची असते. तिला वाचवण्याच्या नादात रेडिएटरची प्लास्टिकची मान तुटली तर खर्च कितीतरी पटींनी वाढतो. मानेवरील क्षार बारीक पॉलिश पेपरने साफ करावेत. नवी नळी बसवूनही गळती राहते ती बहुधा याच खडबडीतपणामुळे. मानेच्या टोकाला एक उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाच्या किंवा रेडिएटरच्या बाजूला बसली पाहिजे, उंचवट्यावर नव्हे. पेच घट्ट करावा, पण क्लिप रबरात रुतेपर्यंत आवळू नये. मुख्य नळ्यांपैकी एक वयाने गेली असेल तर दुसरीही त्याच वयाची आहे, म्हणून वरची आणि खालची एकदमच बदललेली बरी.

रेडिएटर. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर चांगला कारागीर त्याला डाख देऊन वर्षानुवर्षे चालवू शकतो. असे कारागीर आता मोजकेच उरले आहेत, सापडला तर धरून ठेवावा. बहुतेक गाड्यांत मात्र मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात, आणि गळती त्यांच्या सांध्यातून किंवा प्लास्टिकला गेलेल्या चिरेतून होते. प्लास्टिकच्या चिरेवर एम-सील लावून घरापर्यंत येता येते. तो इलाज तेवढ्यापुरताच समजावा, कारण दाब आणि उष्णतेपुढे तो टिकत नाही. येथे नवा रेडिएटर हाच उपाय.

वॉटर पंप. पंपाच्या अक्षाखाली एक बारीक छिद्र कारखान्यातूनच ठेवलेले असते. आतले सील गेले की कूलंट त्यातून बाहेर येते, म्हणजे ते छिद्र इशारा देण्यासाठी आहे. ते बुजवणारे महाभागही असतात. तसे केल्यास कूलंट बेअरिंगमध्ये शिरते आणि पंप वाटेत जाम होतो. छिद्रातून ओघळ येत असेल, पुली हाताने हलत असेल किंवा घरघर येत असेल तर पंप बदलावा. काही गाड्यांत पंप बाहेरच्या पट्ट्यावर फिरतो, काहींत टायमिंग बेल्टवर. दुसऱ्या प्रकारात बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून पंपासोबत बेल्टही बदलून घ्यावा, नाहीतर वर्षभरात तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. टायमिंग बेल्टचे काम घरी करू नये; तो एक दात चुकला तरी इंजिनाचे मोठे नुकसान होऊ शकते.

थर्मोस्टॅटचे आवरण. त्याखालचे गॅस्केट किंवा रबरी रिंग बदलली की काम भागते. येथे एक सल्ला हमखास मिळतो: ‘साहेब, आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही, काढूनच टाकू.’ तो मानू नये. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते, इंधन जास्त खाते आणि लवकर झिजते. जुन्या गाडीत थर्मोस्टॅट आहे की पूर्वीच कोणी काढून टाकला आहे, हेही आवरण उघडलेच आहे तर पाहून घ्यावे.

हीटर. डॅशबोर्ड उतरवण्याचे काम वेळखाऊ आहे. तोपर्यंत हीटरच्या दोन्ही नळ्या इंजिनाच्या बाजूला एकमेकींना जोडून हीटर वगळता येतो आणि गाडी सुरक्षित चालते. याशिवाय ब्लॉकला पत्र्याची गोल बुचे ठोकलेली असतात, ज्यांना मिस्त्री वेल्श प्लग म्हणतात. साध्या पाण्यावर चाललेल्या गाडीत ती आतून गंजून भोके पडतात. बूच बाहेरच्या बाजूला असेल तर ते बदलणे स्वस्त, गिअरबॉक्सच्या मागे असेल तर महाग.

आता हळदीविषयी. रेडिएटरमध्ये हळद टाकली की गळती थांबते, हे आपल्याकडे ट्रकवाल्यांपासून सगळ्यांना माहीत आहे, आणि बारीक छिद्रापुरते ते खरेही आहे: पूड छिद्रात जाऊन फुगते आणि अडकते. पण तिला छिद्र आणि रेडिएटरची बारीक नळी यांतला भेद कळत नाही. हळद २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली अस्सल सांगलीची असली तरी ती हीटर आणि रेडिएटर तुंबवतेच. बाजारात मिळणाऱ्या गळती-बंद द्रवांबद्दलही माझे मत फारसे निराळे नाही. आडरानात अडकल्यावर घरी येण्यापुरते ते वापरावे आणि नंतर संपूर्ण यंत्रणा धुऊन घ्यावी.

७. बाहेर काहीच दिसत नसेल तर

पातळी उतरते, बाहेर थेंब नाही, गालिचा कोरडा आहे. अशा वेळी हेड गॅस्केटचा संशय येतो. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरची नळी दगडासारखी कडक होणे, रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणे, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहणे, आणि डिपस्टिकवरील ऑइल दुधाळ होणे, ही त्याची लक्षणे आहेत. यांपैकी एकाच लक्षणावरून निर्णय घेऊ नये. पावसाळ्यात जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ऑइलच्या टोपणाखाली दमट हवेमुळेही पांढरी साय धरते, आणि तेवढ्यावरून हेड उतरवायला निघालेली गाडी मला माहीत आहे. हेड उतरवण्यास संमती देण्यापूर्वी निळ्या द्रवाची चाचणी मागावी: रेडिएटरमधील हवा त्या द्रवातून ओढली जाते आणि तिच्यात जळालेला वायू असेल तर निळा रंग पिवळा पडतो. सोबत सिलिंडरच्या कॉम्प्रेशनची, म्हणजे आत तयार होणाऱ्या दाबाची, तपासणीही करून घ्यावी. दोन्हींत दोष दिसला तरच हेड उतरवावे, आणि उतरवल्यावर ते सपाट आहे का, हे लेथच्या कारखान्यात तपासल्याशिवाय नवे गॅस्केट बसवू देऊ नये.

हेड गॅस्केटच्या दोषाचे मूळ पुष्कळदा घाटातील एका चुकीत असते: काटा लाल झाला तरी ‘वरपर्यंत जाऊ’ म्हणून गाडी रेटणे, किंवा उकळत्या इंजिनात बाटलीतील गार पाणी ओतणे. तापलेले हेड त्याने वाकते किंवा तडकते. आणखी एक धोका असा, की कूलंट फारच कमी झाले तर तापमानाचा सेन्सर द्रवाबाहेर राहतो आणि काटा उलट खाली दिसू लागतो. गरम झालेल्या गाडीचा काटा एकाएकी थंडाकडे पडला तर सुटकेचा निःश्वास न टाकता लगेच गाडी थांबवावी.

८. कूलंट भरावे आणि हवा काढावी

दुकानात कूलंट दोन प्रकारांत मिळते: थेट ओतायचे तयार मिश्रण आणि पाणी मिसळायचे घट्ट कूलंट. बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय दुकानातून निघू नये. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालणे आणि घट्ट कूलंट तसेच ओतणे, या दोन्ही चुका सर्रास होतात. शुद्ध ग्लायकॉल उष्णता वाहून नेण्यात पाण्याहून कमी पडते. घट्ट कूलंट साधारणपणे निम्मे आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे, असे प्रमाण ठेवावे. साताऱ्यात पाणी गोठण्याची भीती नाही, मग कूलंटचा खर्च कशाला, असा प्रश्न विचारला जातो. त्याचे उत्तर त्यातील गंजरोधक द्रव्यांत आहे. बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर चाललेल्या इंजिनाचा थर्मोस्टॅट एकदा उघडून पाहिला की प्रश्न उरत नाही. रंग सारखा आहे म्हणून प्रकार सारखा असतो असे नाही, त्यामुळे जुने काय आहे हे ठाऊक नसेल तर सगळे काढून, धुऊन, नवे भरावे.

भरताना गाडीचे नाक किंचित चढाच्या दिशेला ठेवावे. हीटरची कळ पूर्ण गरमवर ठेवावी, म्हणजे त्या नळ्यांतही कूलंट जाते. थंड इंजिनात टोपण उघडे ठेवून नरसाळ्याने हळूहळू ओतावे, मग इंजिन सुरू करावे आणि बुडबुडे येत राहतील तोवर पातळी भरत राहावे. मधूनमधून वरची नळी हाताने दाबली की अडकलेली हवा सुटते. नळी गरम झाली म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. द्रव वर येऊ लागताच टोपण लावावे आणि पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. काही गाड्यांत हवा काढण्यासाठी वेगळा पेच असतो. तो कोठे आहे ते मॅन्युअलमध्ये पाहावे.

९. नंतरचे पंधरा दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी थोडी उतरलेली असेल. उरलेली हवा निघाल्यामुळे तसे होते, तेवढी भर घालावी. त्यानंतर मात्र चिकटपट्टीची खूण हलता कामा नये. चार-पाच दिवस शहरात चालवून मग घाटाची परीक्षा घ्यावी. माझ्यासाठी समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा चढ आणि पुढे कासपर्यंतचा रस्ता ही ठरलेली चाचणी आहे: चढ पुरेसा आहे, घर जवळ आहे आणि थांबायला जागा आहे. कासच्या फुलांच्या हंगामातील शनिवार-रविवारी मात्र तेथे जाऊ नये, रांगेत उभी राहून चांगली गाडीही तापते. वर पोहोचल्यावर काटा पाहावा, बॉनेट उघडून वास घ्यावा, आरशाने दुरुस्तीची जागा पाहावी, आणि परत आल्यावर नव्या नळ्यांच्या क्लिपा गाडी थंड असताना पुन्हा एकदा पाव आटा आवळाव्यात, कारण नवे रबर पहिल्या तापण्यात थोडे बसते.

काम गॅरेजमध्ये झाले असेल तर काढलेला जुना भाग मागून घ्यावा, आणि बिलावर बदललेल्या भागाचे नाव, तारीख व किलोमीटर लिहून घ्यावेत. काढलेले जुने कूलंट ओढ्यात, गटारात किंवा परसातल्या झाडांना ओतू नये. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरून, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावे आणि जे गॅरेज वापरलेले ऑइल व द्रव गोळा करून रीतसर पाठवते, त्यांच्याकडे नेऊन द्यावे.